गाडीचा पन्हा

आबा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. हात पाठीशी बांधलेले, मान जराशी कललेली. मागावर ताण्याच्या धाग्यांचं नवं बीम चढवल्यावर ते असेच बघायचे. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पन्हा कमी हाय बघ हिचा."

मारुतीची जिप्सी घरी आली त्या संध्याकाळची ही गोष्ट. 1998 सालची गाडी, माझ्याआधी दोघांच्या हातातून गेलेली. शेवटच्या मालकानं पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलून ती दोन इंच उचलली होती. टायरही जाड खाच्यांचे होते. मला ती फार रुबाबदार वाटत होती. आबांना ती उंच आणि अरुंद दिसली.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. हे सोलापुरात सांगावं लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. 60 इंची पन्ह्याची चादर, 30 इंची पन्ह्याचा टॉवेल असं इथे सहज बोललं जातं. आबांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर म्हणून हयात घालवली. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. विणकर माग चालवतो, माग बिघडला की जॉबर येतो. त्यामुळे आबांच्या बोलण्यात जगातल्या प्रत्येक रुंदीला पन्हाच असतो. दाराचा पन्हा, बोळाचा पन्हा आणि आता गाडीचा पन्हा. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान फार लवकर गेले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी माग कानांनी ऐकलेच नाहीत. मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवायचे आणि कुठं काय ढिलं झालंय ते सांगायचे.

त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही. नंतर गाडीबद्दल वाचत गेलो तसं लक्षात आलं, की जे त्यांनी एका फेरीत पाहिलं ते गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही काही वर्षांनी दुरुस्त करावं लागलं होतं. जिप्सी आपल्याकडे 1985च्या डिसेंबरात आली. तेव्हाची गाडी आणखी अरुंद होती. 1993 साली मारुतीनं तिच्या दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर 90 मिलिमीटरनं वाढवलं. मडगार्डवर बाहेर आलेल्या काळ्या पट्ट्या दिसतात, त्या वाढलेल्या चाकांना झाकण्यासाठी आहेत. माझी गाडी या रुंद केलेल्या पिढीतली. पुढच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर 1,300 मिलिमीटर. तरीही दोन इंच उचलल्यावर ती आबांच्या नजरेला बारीक वाटली, आणि त्यात चूक नव्हती.

याचा हिशेब फार अवघड नाही. चाकांमधल्या अंतराचं अर्धं घ्यायचं आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं. अमेरिकेत गाडी उलटण्याचा धोका ठरवताना हेच गुणोत्तर पायाला धरतात. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून 650 मिलिमीटरवर आहे. अंतराचं अर्धंही 650. भागाकार 1 येतो, म्हणजे कागदावर ही गाडी 45 अंशांच्या आडव्या उतारावर कलंडायला टेकेल. आता गाडी 50 मिलिमीटर उचलली. गुरुत्वमध्य 700वर गेला असं धरू, आणि तोच कोन 43 अंशांच्या खाली येतो. दोन अंश गेले. पाटे दबतात, टायर एका अंगाला बसतात, पाठीमागे खताची पोती असतात, हे यात धरलेलंच नाही. खऱ्या रस्त्यावर गाडी या आकड्यांच्या बरीच आधी भीती दाखवू लागते.

ती भीती मी चाखली मामांच्या शेताकडे जाताना. मामांची जमीन दक्षिण सोलापुरात भीमेच्या काठाला. मंद्रूपच्या पुढं डांबर सोडलं की सगळी काळी जमीन. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पाणी पडलं की फुगून लोण्यासारखी होते. तिच्यात ज्वारी छान येते, कारण ती ओल धरून ठेवते. रस्ता मात्र तिच्यात टिकत नाही. परतीचा पाऊस येऊन गेला आणि मागोमाग उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, की शिवारातल्या वाटेवर दोन खोल खंदक पडतात आणि मध्ये गाठोड्यासारखा उंचवटा राहतो. मग वाट सुकते आणि ते खंदक दगडासारखे कडक होतात.

त्या खंदकाला आपल्याकडे शब्द आहे, चाकोरी. शाळेत आपण तो शब्द फक्त "चाकोरीबाहेरचं जगणं" अशा वाक्यात वापरला. पण चाकोरी आधी चिखलात उमटते. मामा सांगतात, त्यांच्या लहानपणी गावचा सुतार गाडीच्या आखाचं माप कधी बदलायचा नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. कारण त्या भागातल्या सगळ्या बैलगाड्यांची चाकं एकाच चाकोरीत बसायला हवीत. एखाद्याची गाडी चार बोटं अरुंद निघाली तर तिचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं बांधावर, आणि बैलांच्या माना मोडायच्या.

माझ्या जिप्सीचं तेच होत होतं. मी टेप घेऊन वाटेवर बसलो आणि मोजलं. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांच्या मध्यांमधलं अंतर दीड मीटरच्या आसपास भरलं. माझ्या चाकांचं 1.3. डावं चाक चाकोरीत घातलं की उजवं मधल्या उंचवट्याच्या उतरणीवर चढायचं, घसरून परत खाली यायचं, परत चढायचं. चाकोरी वीतभर खोल होती. एवढ्या अरुंद गाडीला एक बाजू वीतभर खाली जाणं म्हणजे दहा अंशांचा कल, आणि तो हलत्या गाडीत, घसरड्या मातीवर. शेजारी बसलेल्या बायकोनं दाराच्या वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. मामांच्या अंगणात उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीनं येईन."

त्या संध्याकाळी मामांच्या ट्रॅक्टरपाशी मला अर्धं उत्तर मिळालं. मामा मागच्या चाकांचे नट काढून बसले होते. पेरणीच्या ओळींत अंतर वेगळं ठेवायचं असलं की ते ट्रॅक्टरची मागची चाकं रुंद-अरुंद करतात. त्याला कुठलीही नवी वस्तू लागत नाही. चाकाची डिस्क खोलगट असते, ताटलीसारखी. ती एका बाजूनं बसवली तर टायर आत जातो, उलटी बसवली तर बाहेर येतो. टायरच्या नक्षीची दिशा बिघडू नये म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे. मामांनी हे सगळं बोलता बोलता केलं. गाडीच्या जगात ज्याला ऑफसेट म्हणतात आणि ज्यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, ती गोष्ट काळ्या मातीतला प्रत्येक ट्रॅक्टरवाला हातानं ओळखतो. चाक ज्या गोल भागावर बसतं तो हब. डिस्क जिथं हबला टेकते ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, एवढाच तो प्रश्न आहे.

जिप्सीची डिस्क अशी उलटी बसवता येत नाही. नटांची बसण्याची खाच एकाच बाजूनं असते. मग दोन रस्ते उरतात. एक, वेगळ्या ऑफसेटची डिस्क विकत घ्यायची. दोन, आहे तीच डिस्क ठेवून हब आणि डिस्क यांच्यामध्ये धातूची जाड चकती घालायची. ती चकती म्हणजे व्हील स्पेसर.

स्पेसर दोन जातींचे. पातळ असतो तो नुसता मूळ स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या बोल्टवर, सरकवायचा आणि वरून चाक लावायचं. दिसायला निरुपद्रवी, पण तो जितका जाड तितके स्टडचे आटे नटाच्या हाती कमी येतात. नटानं निदान स्टडच्या जाडीएवढी लांबी तरी पकडली पाहिजे हा जुना नियम आहे. जिप्सीचा स्टड 12 मिलिमीटरचा, आट्यांमधलं अंतर 1.25. म्हणजे नट हातानं फिरवताना साधारण साडेनऊ फेरे पडायला हवेत. त्याहून कमी पडले तर तो स्पेसर घालू नये, विकणारा काहीही सांगो. जाड असतो तो दुसरा. तो आधी स्वतःच्या नटांनी हबवर पक्का बसतो आणि त्याच्या अंगात बाहेरच्या बाजूला नवे स्टड असतात. चाक त्या नव्या स्टडवर येतं. आतले नट लपायला जागा हवी म्हणून हा सहसा 25 मिलिमीटरपेक्षा पातळ नसतो.

मी 30 मिलिमीटरचे घेतले. दोन्ही बाजू मिळून 60. 1,300चे 1,360 झाले. वरच्या हिशेबात घातलं तर उचललेल्या गाडीचा कोन 43च्या खालून 44च्या थोडा वर येतो. म्हणजे गाडी उचलताना जे दोन अंश गेले त्यातला सव्वा अंश परत आला. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितोय, कारण स्पेसर लावले म्हणजे गाडी खडकासारखी झाली असं मलाही तेव्हा वाटलं होतं. तसं होत नाही. आणि ट्रॅक्टरच्या दीड मीटरच्या चाकोरीशी तर 1.36चंही जुळत नाही. फरक एवढाच पडतो की चाक उंचवट्याच्या ऐन उतारावरून थोडं खाली, थोड्या कमी तिरक्या जागी टेकतं. तरी तो फरक मला पहिल्याच फेरीत जाणवला. वळणावर गाडी पूर्वी जो एक झोका द्यायची आणि मग सावरायची, तो झोका आखूड झाला. ती पाय फाकवून उभी राहिल्यासारखी वाटू लागली. मला फार आनंद झाला होता.

बसवले मात्र चुकीचे.

शहरातल्या एका दुकानात नेले. शनिवारची संध्याकाळ, रांग होती. पोरानं चाकं काढली, स्पेसर ठेवले, हवेची गन लावली, घर्र घर्र घर्र, वीस मिनिटांत चारही झाले. मी चहा पीत होतो. हबचा पुढचा भाग घासून साफ करायला हवा, 25 वर्षांचा गंज आणि रंगाचे पापुद्रे तिथं बसलेत, हे मला माहीत नव्हतं आणि त्यानं बघितलं नाही. 50-100 किलोमीटर चालवून चाकं उतरवून आतले नट परत आवळायचे असतात, हेही कुणी सांगितलं नाही.

चारेकशे किलोमीटर झाले असतील. मामांकडून परत येत होतो, बायको आणि मुलगी गाडीत. गाव सोडताना हळू वेगात कुठून तरी टक, टक असा आवाज येत होता. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. विजापूर रोडला लागून 60चा वेग धरला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी बोटांना मुंग्या आल्यासारखं, मग मनगटापर्यंत. मी वेग कमी करत करत कडेला एका बाभळीखाली थांबलो. पाना काढला आणि पुढच्या डाव्या चाकाचे नट तपासले. पाचही घट्ट. एकही तसूभर हलेना. मग चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, आणि चाक हललं.

नट घट्ट आणि चाक ढिलं. तो क्षण मी विसरणार नाही. जॅक लावला, चाक उतरवलं, तेव्हा कळलं. चाक स्पेसरवर घट्टच होतं. स्पेसर हबवर ढिला होता. आतले पाचही नट सैल झाले होते आणि त्यातले दोन स्टडसकट तुटून स्पेसरच्या खाचेत पडले होते. बाहेरून चाक असल्यामुळे त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. टक टक आवाज त्यांचाच होता. मुलगी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून मला विचारत होती, "बाबा, किती वेळ लागेल?" मला उत्तर देता येईना. उरलेले तीन स्टड आणखी किती किलोमीटर टिकले असते या विचारानं माझं तोंड कोरडं पडलं होतं.

उस्तादांना फोन केला. आमच्या सगळ्या गाड्या वीस वर्षं तेच बघतात, हे काम मात्र मी घाईत दुसरीकडे करून घेतलं होतं. त्याबद्दल ते त्या दिवशी किंवा नंतर कधीही एक शब्द बोलले नाहीत. पिकअप घेऊन आले, गाडी चढवली, आम्हाला घरी सोडलं.

रात्री मी तुटलेला स्टड टेबलावर ठेवून बसलो होतो. आबा आले, तुकडा उचलून दिव्याखाली नेला, अंगठ्यानं तुटलेल्या तोंडावरून फिरवला. म्हणाले, "हे आज तुटलेलं न्हाई." मी जवळ जाऊन बघितलं. त्या गोल तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर एका कडेपासून सुरू झालेल्या बारीक चंद्रकोरी होत्या, एकीमागे एक, शिंपल्यावर असतात तशा. उरलेला छोटा भाग खरबरीत, दाणेदार. आबा म्हणाले, "मागाचा शाफ्ट तुटायचा तर असाच तुटायचा. गुळगुळीत हाय ते जुनं तुटणं. रोज थोडं थोडं. ह्यो दाणेदार तुकडा तेवढा आजचा."

पुढं उस्तादांनी आणि पुस्तकांनी मला तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. आपल्याला वाटतं चाक स्टडवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि तो ताण डिस्कला हबवर एवढा दाबून धरतो की दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणानंच गाडीचा भार पेलला जातो. स्टडचं काम फक्त दाबून धरणं. मधे गंजाचा पापुद्रा असला तर चार दिवसांत तो चुरून पातळ होतो. केसाएवढी जागा मोकळी होते, ताण जातो, दाब जातो. मग चाकाच्या प्रत्येक फेरीला स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. जिप्सीचं चाक किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं. लोखंडाची तार हातानं मागेपुढे वाकवून तोडतो तसंच ते, फक्त फार सावकाश आणि नजरेआड.

नजरेआड, हीच यातली खरी अडचण. साध्या चाकाचे नट रस्त्यावरून जाणाऱ्याला पण दिसतात. एसटीचे ड्रायव्हर पूर्वी निघण्याआधी चाकांवर हातोडी मारून ऐकायचे. स्पेसर लावला की एकाचे दोन सांधे होतात, आणि त्यातला आतला सांधा चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही. बाहेरचे पाच घट्ट नट मला त्या दिवशी धीर देत होते, आणि त्या धीराला काही आधार नव्हता.

मी आबांना म्हणालो, काढूनच टाकतो. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. मागावर कापड विणलं जाताना ते आतल्या अंगाला आकसतं. ते पूर्ण पन्ह्यावर ताणून धरायला दोन्ही काठांना काटेरी कड्यांचं एक साधन असतं, कारखान्यात त्याला टेंपल म्हणतात. त्याचे काटे झिजले किंवा ते तिरकं बसलं की मधलं कापड शाबूत राहतं आणि काठाचे धागे तुटत जातात. आबा म्हणाले, "पन्हा ताणून धरायचा तर काठाकडं रोज बघावं लागतंय. बघणार असशील तर ठेव. न्हाईतर काढ."

मी ठेवले. पण आधीचे नाहीत. नवे घेतले, घडवलेल्या ॲल्युमिनियममधून कोरलेले, 6061 जातीचे, मधल्या भोकाला हबवर नेमका बसणारा आणि बाहेरच्या बाजूला डिस्कच्या भोकात नेमका बसणारा उंचवटा असलेले. असा उंचवटा असला की चाक नटांवर मध्य शोधत बसत नाही, आपसूक मध्यात येतं. स्वस्तातल्या स्पेसरना तो नसतो. उस्तादांनी हबची तोंडं तारेच्या ब्रशनं आणि मग बारीक पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासली, सगळे स्टड नवे घातले. तरी त्यांचं समाधान झालं नाही. ते स्पेसर त्यांनी एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडे नेले, लेथवर धरून डायल गेज लावलं आणि दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर आहेत का ते बघून आणलं. सोलापुरात हे सहज होतं. ज्या गावातली प्रिसिजन कंपनी देशोदेशीच्या इंजिनांना कॅमशाफ्ट पाठवते, आणि जिथं मागांचे सुटे भाग करत पिढ्या गेल्या, तिथं काट्यावर मोजणारा माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. चादर सगळ्यांना माहीत असते. या लोकांबद्दल फार कुणी लिहीत नाही.

मग आवळणं. गन नाही, ठरलेल्या जोरालाच आवळणारा टॉर्क पाना. एक नट, मग शेजारचा सोडून पलीकडचा, असं चांदणी काढल्यासारखं, तीन टप्प्यांत, शेवटी कंपनीच्या पुस्तकातल्या मापाला. आतल्या नटांना आटे धरून ठेवणारा द्रव. 50 किलोमीटरला उतरवून परत, 500ला परत.

आता जे परत मिळालं नाही तेही सांगतो. स्टिअरिंग जड झालं. माझ्या जिप्सीला पॉवर स्टिअरिंग नाही. पुढचं चाक ज्या कण्याभोवती वळतं, त्या किंगपिनची रेषा जमिनीला जिथं टेकते तिथून टायरचा मध्य आता 30 मिलिमीटर जास्त लांब आहे. म्हणून एका चाकाखाली दगड आला की तो स्टिअरिंग हातातून हिसकावून घेतो. आता खडकाळ वाटेवर मी अंगठे कधीच चक्राच्या आत ठेवत नाही. बेअरिंगवरही भार वाढला. गाडीत माणसं बसल्यावर एका चाकावर सव्वातीनशे किलो येतात असं धरलं, तर 30 मिलिमीटरच्या वाढीव हातानं हबवर सुमारे 95 न्यूटन-मीटरचा जादा पीळ पडतो, गाडी नुसती उभी असताना. खड्ड्यात त्याच्या कितीतरी पट. पुढची बेअरिंगं मी आता लवकर उघडतो, ग्रीस बदलतो. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बेअरिंग स्पेसरनं खराब होतात आणि वेगळ्या ऑफसेटच्या डिस्कनं होत नाहीत, असं जे ठामपणे सांगतात ते चूक आहे. बेअरिंगला फक्त टायर किती लांब आहे ते कळतं. कशानं लांब आहे ते कळत नाही. डिस्कचा फायदा वेगळा आहे. तिथं दुसरा सांधा नसतो. ज्याला दर काही महिन्यांनी चाकं उतरवणं जमणार नाही, त्यानं डिस्कच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. टायर मडगार्डच्या बाहेर आला तर चिखल आणि खडे मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतात, हे तर कायद्याशिवायही कळायला हवं. माझे टायर पट्टीच्या आतच आहेत. 30च्या वर मी गेलो नाही त्याचं ते एक कारण. दुसरं असं, की चक्र पूर्ण वळवून एक चाक उंच दगडावर चढवून आम्ही बघितलं तेव्हा टायर आणि पत्रा यांच्यामध्ये जेमतेम बोट राहत होतं.

बायको परत गाडीत बसायला एक वर्ष लागलं. मी आग्रह केला नाही. मागच्या हुरड्याला ती आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसली. ज्वारी कणसात भरली होती, वाट सुकली होती, ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या कडक. ती दांड्याला एकाच हातानं धरून बसली, दुसऱ्या हातात मामींसाठी घेतलेली शेंगा चटणीची पिशवी. एका जागी गाडी कलली, थांबली, मी पहिल्या गिअरमध्ये सावकाश बाहेर काढली. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

काल रविवार होता. पाऊस तोंडावर आलाय म्हणून अंगणात चाकं उतरवली. मुलगी आता दहावीला आहे, ती ड्रायव्हरच्या जागेवर बसून ब्रेक दाबून धरते म्हणजे हब फिरत नाही. आबांसाठी स्टूल ठेवलं. त्यांच्या मांडीवर वही असते, कारखान्यात मागांची ठेवायचे तशीच, तारीख, किलोमीटर, कुठल्या चाकाचा कुठला नट किती हलला. तीन चाकं झाली, एकही हलला नव्हता. चौथं पुढचं डावं.

टॉर्क पाना मापाला आला की टक असा छोटा आवाज करतो. आबांना तो ऐकू येत नाही. त्यांनी वही खाली ठेवली, वाकून स्पेसरच्या कडेवर तळहात टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पाना ओढला. त्यांनी मान हलवली. मी पुढच्या नटाला पाना लावला.